हात मुरगळला तर: मनगट आणि बोटांच्या दुखापतीची तपासणी, उपचार आणि व्यायाम

जून-जुलैत कोल्हापुरात पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले, की फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मनगट धरून येणाऱ्यांची रांग वाढते. कुणी शेवाळावरून घसरलेलं असतं, कुणाची गाडी रंकाळ्याच्या वळणावर स्लिप झालेली असते. वर्षभर येणारे वेगळेच: शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले कामगार, तालमीतली पोरं, शाहू स्टेडियमवर खेळणारे गोलकीपर, दोन्ही वेळची धार काढणाऱ्या बायका. सगळ्यांची सुरुवात सारखीच असते. "काय नाही ओ डॉक्टर, जरा मुरगळलंय. बोटं हलत्यात, म्हणजे हाड काय मोडलं नाही."

बोटं हलतात म्हणून हाड शाबूत, हा समज डोक्यातून काढून टाका. मनगटातलं हाड तडकलेलं असतानाही बोटं मजेत हलतात, कारण बोटं हलवणारे स्नायू कोपरापासून खाली येतात. हाडाच्या तड्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

इतक्या वर्षांत हात कायमचे अडलेले पाहिले, त्यात नुसत्या पडण्यामुळे अडलेले कमी. पहिल्या दोन दिवसांत हलवायला नको तेव्हा आपण तेल लावून खसाखसा चोळतो, आणि पुढं हलवायला हवा तेव्हा दीड-दोन महिने हात गळ्यात अडकवून बसतो. हे दोन्ही टाळलं तरी अर्धी लढाई जिंकली.

पहिले दोन तास

सगळ्यात आधी अंगठी, वेढणं, बांगड्या, कडं, घड्याळ काढा. सूज चढायच्या आत. अंगठी अडली तर साबण किंवा तेल लावून फिरवत काढा, तरी निघाली नाही तर दवाखान्यात कापून घ्या. "लग्नातली आहे" म्हणून ठेवलेली अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडते.

मग हात हृदयापेक्षा वर ठेवा. बसलात तर उशीवर, झोपलात तर छातीवर. बर्फ रुमालात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दर दोन-तीन तासांनी; थेट कातडीवर नको. आधारासाठी जाड पुठ्ठा किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र तळहातापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत लावून सैल बांधा. ज्या वाकड्या स्थितीत हात आहे त्याच स्थितीत बांधायचा, सरळ करायला जायचं नाही. बोट निखळल्यासारखं दिसलं की मैदानावर कुणीतरी हौशी ते ओढतोच. ओढू देऊ नका. आत छोटा तुकडा मोडलेला असेल तर ओढल्यामुळे तो आणखी सरकतो.

चोळणं, गरम शेक, मालीश पहिले दोन-तीन दिवस पूर्ण बंद. आत रक्त साकळत असताना चोळलं की सूज वाढते.

हाडवैद्याकडे जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना नावं ठेवून काही साधत नाही. एवढंच सांगतो: एक्स-रे झाल्याशिवाय कुणालाही हात ओढू देऊ नका. आणि कुणीही बांधलेली पट्टी असो, बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा दुसऱ्या हाताने बोट सरळ करताना जीव जाईल अशी कळ आली, तर सकाळची वाट न पाहता पट्टी सोडून दवाखाना गाठा.

घरी बघत बसायचं नाही असे प्रसंग

हात उघड उघड वाकडा दिसतोय, बोटाला संवेदना नाही, जखमेतून हाड दिसतंय, हे कुणालाही कळतं. न कळणारे चार सांगतो.

पहिला, कोयत्याची, पत्र्याची किंवा रापीची जखम. बाहेरून दोन टाक्यांची दिसते, पण आत स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन, कापलेली असू शकते. तपासायचं असं: दुसऱ्या हाताने बोटाचा मधला सांधा सरळ धरून ठेवा आणि फक्त टोकाचं पेर वाकवून बघा. वाकलं नाही तर नुसते टाके घालून घरी येऊ नका. दोरी शिवायला हातांची शस्त्रक्रिया करणारा सर्जन लागतो, आणि दिवस जातील तसं कापलेलं टोक वर तळहातात सरकत जातं.

दुसरा, ग्रीसगन, हायड्रॉलिक पाइप किंवा रंगाच्या स्प्रेगनमधून बोटात घुसलेला फवारा. बाहेर टाचणीएवढं भोक, दुखणंही सुरुवातीला मामुली. कामगार बोट पुसून पुन्हा मशिनवर उभा राहतो. आत मात्र तेल किंवा रंग बोटभर पसरलेला असतो आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. ही खरी इमर्जन्सी.

तिसरा, भांडणात समोरच्याच्या दातावर बसलेली मूठ. बोटाच्या मुळाच्या गाठीवर छोटी चीर दिसते. तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात. लाज सोडून डॉक्टरांना खरं कारण सांगा.

चौथा, तुटलेलं बोट. ते दिसतं सगळ्यांना, पण न्यायचं कसं ते कळत नाही. प्रेसमध्ये किंवा उसाच्या चरकात असे अपघात होतात. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडायला काही उरत नाही. जखमेवर हळद, चहापूड, राख काही घालू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला विसरू नका.

दुखतंय कुठं, ते एका बोटाने दाखवा

तपासणीत माझा पहिला प्रश्न हाच असतो. पेशंट आख्ख्या मनगटावरून हात फिरवतो आणि "इथं सगळीकडं" म्हणतो. तसं चालत नाही. मनगटात आठ छोटी हाडं आहेत आणि एकेका बोटाच्या अंतराने निदान बदलतं.

अंगठा वर ताणून धरा. अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्या उठलेल्या दिसतील आणि त्यांच्यामध्ये एक खळगा. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. मग दुसऱ्या हातावर तेवढंच दाबून तुलना करा, कारण तिथं जोरात दाबलं तर चांगला हातही थोडा दुखतो. हातावर पडल्यानंतर या खळग्यात नेमकी कळ येत असेल, तर स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलं आहे असं धरूनच चालायचं. या हाडाला रक्त बोटांच्या बाजूच्या टोकाकडून मिळतं आणि ते उलट कोपराच्या बाजूच्या टोकाकडे जातं. मधे तडा गेला की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. दुर्लक्ष झालं तर हाड जुळत नाही, आणि काही वर्षांनी तिशी-पस्तिशीतल्या माणसाचं मनगट झिजलेलं सापडतं.

यातली मोठी अडचण म्हणजे पहिल्या दिवशीचा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून क्रेप बँडेज गुंडाळून लोक घरी जातात. खळग्यात दुखत असेल तर अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट किंवा प्लास्टर लावून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, किंवा आधीच एमआरआय करायचा. एक्स-रे मागतानाही स्कॅफॉइडसाठीचे खास कोन लागतात, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

मनगटाच्या वर इंचभर, अंगठ्याच्या बाजूच्या जाड हाडावर सूज आणि कळ असेल तर ते रेडियसचं टोक. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं हे हाड उभ्या उभ्या पडून मोडलं असेल, तर प्लास्टर निघाल्यावर हाडांची घनता तपासून घ्याच. मनगट हा पहिला इशारा असतो. पुढचा खुब्याचा असू शकतो.

करंगळीच्या बाजूला, किल्ली फिरवताना, कपडे पिळताना, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना कळ येत असेल तर तिथली कूर्चा फाटल्याची शंका घ्यायची. तिला टीएफसीसी म्हणतात. साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. आणि मनगटाच्या पाठीवर बरोबर मधोमध दुखत असेल, मूठ घट्ट आवळली की कमजोरी जाणवत असेल, तर हाडांना बांधून ठेवणारा लिगामेंट तपासायला हवा. 'मुरगळणं' म्हणून महिनोन्महिने अंगावर काढलेलं दुखणं बहुधा या दोनपैकी एक निघतं.

बोटं

गोलकीपरची ठरलेली दुखापत म्हणजे सरळ बोटाच्या टोकावर बॉल आदळणं. टोकाचं पेर खाली लोंबकळतं, दुसऱ्या हाताने उचललं तर सरळ होतं, सोडलं की पडतं. फार दुखत नाही, म्हणून पोरं महिनाभर दाखवतच नाहीत. उपचार अगदी स्वस्त आहे, पण चिकाटीचा: टोकाचा सांधा सरळ ठेवणारा छोटा स्प्लिंट, सलग ६ ते ८ आठवडे, २४ तास. आंघोळीलाही काढायचा नाही. कातडी पुसण्यासाठी बदलायचाच असेल तर हात टेबलावर पालथा ठेवायचा, बोटाचं टोक टेबलाला टेकलेलं राहू द्यायचं, स्प्लिंट पुढे सरकवून काढायचा, पुसायचं आणि टोक न उचलता दुसरा चढवायचा. मध्ये एकदा जरी पेर वाकलं, तरी दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. सहाव्या आठवड्यात "फक्त बघितलं वाकतंय का" म्हणणारे भेटतात, तेव्हा मला खरंच राग येतो.

याच्या उलट प्रकार कुस्तीत किंवा कबड्डीत होतो. पकड सोडवताना बोट, बहुतेक वेळा अनामिका, झटक्यात सरळ होतं आणि टोक वाकेनासं होतं. इथं स्प्लिंटने भागत नाही, शस्त्रक्रिया लागते, आणि ती आठवड्या-दहा दिवसांत झाली तर बरी.

मधला सांधा सुजलेला पण बोट पूर्ण वाकतं, सरळही होतं, एक्स-रेत काही नाही, अशा वेळी शेजारच्या बोटाला कापडी पट्टीने जोडून घ्या. मध्ये कापसाचा पातळ थर ठेवा आणि दोन्ही बोटं लगेच हलवायला लागा. मधल्या सांध्याची सूज सहा-सहा महिने राहते, तिला घाबरून बोट हलवणं सोडू नका.

न पडता दुखणारे हात

अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे कळ, लहान मूल उचलताना किंवा पातेलं धरताना चमक: अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. तीव्र कळ आली तर अंगठ्याच्या दोऱ्यांच्या आवरणाला सूज आहे, म्हणजे डी क्वेर्वेन. बाळंतिणींना हे फार होतं. गावाकडं दुसरं कारण धार काढण्याची पद्धत. अंगठा दुमडून त्याच्या पाठीवर सड दाबून धार काढली की प्रत्येक पिळ्याला त्याच दोऱ्या घासतात. पूर्ण मुठीने काढा. म्हशीच्या सडालाही तेच बरं. अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट तीन-चार आठवडे लावा, पण दोन्ही वेळच्या दहा-दहा लिटरच्या धारा दुसऱ्या कुणी काढणार नसेल तर स्प्लिंट एकटा काय करणार, हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवं.

रात्री दोन-तीनला मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, अंगठा, तर्जनी, मधलं आणि अर्धी अनामिका बधिर: ही मनगटातल्या बोगद्यात दबलेली नस, कार्पल टनेल. चपलेच्या वेण्या विणणाऱ्या बायका, हुपरीतले चांदीचे कारागीर, दिवसभर कीबोर्डवर बसणारे, सगळ्यांत सापडते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं पूर्ण वाकवा आणि मिनिटभर थांबा. मुंग्या आल्या तर शंका पक्की करायला नसांची तपासणी करता येते. पहिला उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, सहा आठवडे नेमाने. अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला असेल तर मात्र व्यायामात वेळ न घालवता सर्जनला भेटा. करंगळी बधिर होत असेल तर दोष बहुधा कोपरापाशी असतो, मनगटाचा पट्टा घेऊ नका.

ग्राइंडर धरून फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासायचं काम, करणाऱ्या फाउंड्री कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडत असतील, तर तो मशिनच्या कंपनाचा परिणाम आहे. वेळेत काम बदललं नाही तर तो परत फिरत नाही.

प्लास्टर असताना

फिजिओथेरपी प्लास्टर निघाल्यावर सुरू होते, असं डॉक्टरही कधी कधी म्हणतात. मला ते पटत नाही. रेडियसच्या प्लास्टरमध्ये बोटांची मुळं मोकळी हवीत, म्हणजे प्लास्टर तळहाताच्या आडव्या रेघेच्या पुढे जायला नको. दर जागत्या तासाला पूर्ण मूठ दहा वेळा, बोटं पूर्ण सरळ दहा वेळा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला. दिवसातून तीन-चारदा कोपर पूर्ण वाकवणं-सरळ करणं आणि हात डोक्यावर नेणं. हे केलं नाही तर मनगट जुळतं आणि खांदा धरतो. गळ्यातली झोळी बाहेर पडतानाच घाला, घरात काढून ठेवा.

प्लास्टर सुटल्यावर

हात बारीक, कातडी सोललेली, मनगट लाकडासारखं. घाबरायचं कारण नाही. आधी कोमट पाण्यात १० मिनिटं हात बुडवून आतच बोटं हलवा. मग सूज असेल तर खोबरेल लावून बोटांच्या टोकाकडून कोपराकडे हलक्या हाताने निरपा.

पहिला व्यायाम मनगट वर उचलण्याचा. हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळहात खाली. इथं नव्वद टक्के लोक बोटं ताणून मनगट उचलतात. ती चोरी आहे, मनगटाचा स्नायू त्यात कामच करत नाही. म्हणून मुठीत पेन सैल धरायला सांगतो; पेन न पडता मनगट उचलायचं. वर पाच सेकंद, मग हळू खाली. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. खाली वाकवताना मात्र बोटं सैल सोडा.

दुसरा, तळहात वर-खाली फिरवण्याचा. कोपर बरगडीला चिकटवा, काखेत घडी केलेला रुमाल ठेवा. रुमाल पडला म्हणजे खांदा मदत करतोय. तळहात वर वळणं सगळ्यात उशिरा येतं, आणि तेवढ्यावर किती गोष्टी अडतात: प्रसाद घेता येत नाही, सुटे पैसे घेता येत नाहीत, ओंजळ होत नाही, रश्श्याची वाटी तोंडाला लावता येत नाही. म्हणून यावर दुप्पट वेळ द्या.

तिसरा, दोऱ्या मोकळ्या करण्याचा. बोटं सरळ, मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, मग बोटं सरळ ठेवून मुळाशी काटकोन, शेवटी बोटांची टोकं तळहाताच्या तळाशी, पण टोकाचं पेर सरळ. प्रत्येक स्थितीत क्षणभर थांबून पाच-सहा फेऱ्या. ज्यांची दोरी शिवली आहे त्यांनी हा व्यायाम स्वतःच्या मनाने करू नये. त्यांचं वेळापत्रक सर्जन आणि थेरपिस्ट मिळून ठरवतात, आणि साधारण १२ आठवडे जड काही उचलायचं नसतं. शिवलेली दोरी तुटते ती बरं वाटायला लागल्यावरच.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीन-चार चालेल, तासाभरात शमलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली नसावी. वाढली तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका. मात्र दुखापतीच्या मानाने फारच आग होणं, वारा लागला तरी सहन न होणं, हात चकचकीत, लाल-जांभळा, घामेजलेला होणं, अशी लक्षणं दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. हा नसांचा वेगळा विकार असतो. लवकर पकडला तर आटोक्यात येतो.

अल्ट्रासाउंड, आयएफटी (विजेच्या सौम्य प्रवाहाचं मशिन), मेणाचा शेक यांनी हात सैल पडतो आणि व्यायाम सोपा जातो, तेवढंच त्यांचं काम. रोज वीस मिनिटं मशिन लावून घरी पाठवणाऱ्या ठिकाणी पैसे घालवू नका. पहिल्या दिवशी कोनमापकाने मनगटाचे कोन मोजून लिहून ठेवतो आणि दर आठवड्याला पुन्हा मोजतो, तो थेरपिस्ट तुमचा. खासगी परवडत नसेल तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, आणि कारखान्यातल्या कामगारांनी ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजनेमार्फत, चौकशी करावी. विमा असलेल्या कामगाराला उपचाराच्या सुट्टीचा भत्ताही मिळतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

ताकद

हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर, साधारण आठव्या आठवड्याच्या पुढे. सुरुवात पाण्याच्या बादलीत स्पंज दाबण्यापासून. मग सैल कणीक तिंबणं, मग घट्ट, मग ओला रुमाल पिळणं, शेवटी टॉवेल. अर्धा लिटरची भरलेली बाटली धरून मनगट वर-खाली. तळहात फिरवायला हातोडी उत्तम: कोपर बरगडीला, हातोडी आधी तिच्या लोखंडी टोकाजवळ धरून सावकाश डावी-उजवीकडे झुकवा, आठवड्यागणिक पकड दांड्यावरून खाली न्या. वजन तेवढंच, पण दांडा लांबला की हाताला ते जड होतं.

पैलवानांनी तळहातावर जोर मारायची घाई करू नये. आधी भिंतीवर, मग टेबलाच्या काठावर, मग जमिनीवर मुठींवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर, म्हणजे मनगट सरळ राहतं, आणि सगळ्यात शेवटी उघड्या तळहातावर. गदा-मुदगल त्याच्याही नंतर. पकड मोजायचं यंत्र असेल तर दुखऱ्या हाताची ताकद दुसऱ्याच्या ८०-९० टक्के येईपर्यंत मातीत उतरू नका. उस्तादांना हा आकडा दाखवला की ते ऐकतात, नुसतं "डॉक्टर नको म्हणाले" सांगितलं की ऐकत नाहीत.

राहिला सगळ्यांचा प्रश्न, गाडी कधी चालवायची. गाडी स्टँडवर लावा, बसा, क्लच आणि ब्रेक दहा-दहा वेळा झटक्यात पूर्ण दाबा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा, मग हँडल धरून पुढे झुकून अंगाचा भार हातांवर घ्या. यातलं काहीही करताना हात आपोआप मागे आला, तर अजून आठवडाभर केएमटीने, म्हणजे शहर बसने, जा.